मोडकसाहेब आणि त्यांनी पाठवलेला माणूस

दूध आलं का, असं मी रोज सकाळी समोरच्या दारात विचारायचे. पिशवी मोडकसाहेबांच्याच हातात असायची, तिच्यातून पाणी ठिबकत असायचं, आणि तरी ते म्हणायचे, "माहीत नाही, वहिनी. बघायला लागेल." मग स्वतःच्या हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, "आलंय वाटतं."

आधी मला वाटलं, माणूस चेष्टेखोर आहे. मग वाटलं, वय झालंय. खूप दिवसांनी कळलं की ही नोकरीत लागलेली सवय. कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर "माहीत नाही" असंच द्यायचं. खरं उत्तर मागाहून, आणि तेही द्यायचं ठरलं तर.

आमची सोसायटी नेरूळला, पण शिरवणे गावाच्या अगदी अंगाला. गेटबाहेर उजवीकडे वळलं की बँक, औषधाचं दुकान, सेक्टरचा रुंद रस्ता. डावीकडे दोन मिनिटं चाललं की गावाची गल्ली, जिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. मोडकसाहेब निवृत्त होऊन इथे राहायला आले तेव्हा एजंटच मला म्हणाला होता, "काकू, ह्यांनी स्टेशनजवळचे तीन फ्लॅट नाकारले. म्हणाले, गावाकडे खिडकी असलेला पाहिजे." मी म्हटलं, असेल बाबा, सांगलीकडचा माणूस आहे, कोंबडा आरवलेला आवडत असेल.

दिसायला अगदी लक्षात न राहण्यासारखे. फिकट शर्ट, फिकट पँट, मध्यम उंची. तुम्ही दहा मिनिटं बोलून घरी गेलात तर चेहरा आठवायचा नाही. एकच खूण होती. उजव्या कानाची पाळी खालून चिरलेली, दोन भागांत. लहानपणी कुत्रा चावला होता म्हणायचे. तेवढा कान सोडला तर देवाने त्यांना त्या नोकरीसाठीच घडवलं होतं.

नोकरी कुठली? तर सांख्यिकी खात्यात होतो, असं ते सांगायचे. त्यांची बायको सुलभाताई हसायची. माझ्याकडे वाटाणे सोलायला बसली की म्हणायची, "अकरा गावं बदलली आम्ही. एकाही गावात ह्यांचं ऑफिस मी बघितलं नाही. एकदा डबा विसरून गेले, तर नेऊन द्यायला पत्ता नव्हता." मी म्हटलं, मग तुम्ही विचारलं नाही कधी? म्हणाली, "विचारलं ना. माहीत नाही म्हणाले." इथे आल्यावर तीन वर्षांत ती गेली. दहाव्याला कुणीतरी चार माणसं आली होती, कोपऱ्यात उभी राहिली आणि नाव न सांगता गेली. तेव्हा मी काय ते समजले. सांख्यिकीची माणसं निदान नाव तरी सांगतात.

त्यांच्या सवयी मजेशीर होत्या. विजेचं बिल भरलं की त्याचे चार तुकडे करायचे. दोन आपल्या कचऱ्यात, दोन माझ्या. मंडईत जायचे ते रोज वेगळ्या वाटेने. माझ्याकडे चहाला आले की दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीतच बसणार. प्रश्न कधी विचारायचे नाहीत. स्वतःच काहीतरी चुकीचं बोलायचे, आणि समोरचा ते दुरुस्त करता करता सगळं सांगून टाकायचा. "तुमचा मुलगा ठाण्याला ना?" "नाही हो, पनवेलला." "हां हां, बँकेत." "बँकेत कुठला, कंपनीत आहे." झालं, पाच मिनिटांत माझा मुलगा, सून, त्यांचा फ्लॅट, सुनेची आई, सगळं त्यांच्या खिशात. आणि मी खूश, की किती गप्पा मारल्या म्हणून.

एकदा आमच्या टाकीचे पितळी व्हॉल्व चोरीला गेले. सोसायटीत मीटिंग झाली. सगळ्यांचा संशय वॉचमनवर. मोडकसाहेब काही बोलले नाहीत. दोन दिवस कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत बसले. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व गच्चीवर गोणपाटात गुंडाळलेले सापडले. सेक्रेटरी धावत आले, "साहेब, कोणी घेतले होते?"

"माहीत नाही."

"अहो, आता तरी सांगा."

"मिळाले ना? मग सोडून द्या."

त्यांना ठाऊक होतं, अगदी पक्कं ठाऊक होतं. पण नाव काही सांगितलं नाही. आणि नाव कळलं नाही म्हणून संशय होता तिथेच राहिला. महिनाअखेर वॉचमनला काढला. मी रागाने समोर गेले. म्हटलं, "त्या बिचाऱ्याने काही केलं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

ते पेपरची घडी घालत म्हणाले, "वहिनी, काम झालं की बाजूला कोण पडलं ते बघायचं नसतं. बघायला लागलं की पुढचं काम होत नाही."

मला ते वाक्य आवडलं नाही. पण शेजार होता, बायको गेलेला माणूस होता. मी डाळिंब्यांची उसळ दिली आणि विषय सोडला.

आता रंजनाचं सांगते. रंजना शिरवण्याची, आगरी. घरी तांदळाच्या भाकऱ्या करून आसपासच्या सोसायट्यांत पोचवते. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे. तिचा नवरा काशिनाथ मालवाहू गलबतावर खलाशी होता. मुलगी दोन वर्षांची असताना तो गेला तो परत आलाच नाही. गावात सगळे म्हणायचे, घरात भांडून दुबईला पळाला, तिकडे दुसरी केली. पोलीस चौकीच्या वहीत तसंच लिहिलेलं होतं. "भांडान कवा झाला ता मनाच ठावा नाय," असं रंजना म्हणायची आणि पुढची भाकरी मोजायची. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का, यावरून बायकांत कुजबुज व्हायची. ती मंगळसूत्र घालून यायची, सगळ्यांच्या शेवटी ओटी घ्यायची आणि जायची.

मोडकसाहेबही तिच्या भाकऱ्या घ्यायचे, चार. पण स्वतः कधी घेतल्या नाहीत. "वहिनी, माझ्या तुमच्याकडेच ठेवायला सांगा." आठ वर्षं असं चाललं. त्यातल्या दोन तर ते मलाच परत द्यायचे. मी म्हणायचे, मग घेता कशाला? "माहीत नाही," म्हणायचे.

गेल्या वर्षी माझा गुडघा सुजला आणि मी पलंगावर. मंगळवार होता. बेल वाजली. मोडकसाहेब मला औषध द्यायला आले होते, मी म्हटलं, जरा दार उघडा. ते उठेनात. मी दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा उठले.

दारात रंजना. तिने डबा पुढे केला आणि तिचा हात तिथेच थांबला. ती त्यांच्या कानाकडे बघत होती.

"मावशे, ह्ये कोन?"

"अगं, समोरचे मोडकसाहेब. ह्यांच्याच चार भाकऱ्या असतात."

तिने डबा खाली ठेवला. "साहेब, माज्या काशिनाथला तुमीच धाडलाव ना?"

"कोण काशिनाथ?" ते म्हणाले. "मला माहीत नाही, बाई."

मग ती उभ्या उभ्याच बोलली. आठ दिवसांपूर्वी पालघरकडचा एक मासेमार तिच्या घरी येऊन गेला होता. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून त्याला पलीकडच्या देशाने धरलं होतं, बरीच वर्षं तिथल्या तुरुंगात होता, आता बाकीच्यांबरोबर सुटून आला. त्याच्या कोठडीत एक माणूस होता. नाव भलतंच सांगायचा. पण ताप चढला तेव्हा कानात बोलला, शिरवण्याला माझी रंजना आहे, तिला सांग मी पळालो नाही. एका साहेबाने धाडलं. साहेबाच्या उजव्या कानाची पाळी चिरलेली. नंतर त्या माणसाला दुसऱ्या तुरुंगात नेलं. त्याला पाच वर्षं झाली. पुढचं मासेमाराला ठाऊक नव्हतं.

"येवढाच सांगा," रंजना म्हणाली, "जिता हाय का नाय. बाकी मी कायपन मागत नाय."

"मला खरंच काही माहीत नाही," असं म्हणून मोडकसाहेब तिच्या बाजूने अंग चोरून आपल्या घरी गेले. दार लागलं. रंजना रडली नाही. तिने भाकऱ्या मोजून ताटात ठेवल्या आणि म्हणाली, "मावशे, बोलताना तेचा कान लाल झालता."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आले. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले नाहीत, दाराकडे पाठ करून बसले. मी चहा ठेवला तो गार झाला. मग त्यांनी सांगितलं, आणि मी ऐकत गेले.

काशिनाथ एकदा गोणीत लपवलेली परदेशी घड्याळं आणताना सापडला होता. पहिलीच खेप, कुणाच्या तरी नादाने. मोडकसाहेबांनी त्याला एका खोलीत बसवून सांगितलं, केस मिटेल, पण बदल्यात तू आमच्यासाठी बघायचंस. कुठल्या बंदरात कुठली बोट उभी आहे, नुसतं बघायचं आणि येऊन सांगायचं. तो बघायला लागला. हुशार निघाला. मग बघण्याबरोबर एक पाकीट पोचवायचं काम आलं. मग दुसरं. तिसऱ्याला तो परत आला नाही.

"मग तुम्ही शोधलं नाहीत?"

"शोधायचं नसतं, वहिनी. शोधलं की तो आपला होता हे कळतं." त्यांनी बोटाने टेबलावरचा साखरेचा कण सरकवला. "बायको चौकीत तक्रार द्यायला गेली. तिथे फोन माझाच गेला होता. भांडून परदेशी गेला असं लिहा, म्हणून सांगितलं. दुसऱ्या बाईचं मी गावातल्या एका माणसाकरवी पसरवलं. हरवलेल्या माणसाला लोक शोधतात. बायकोला टाकून पळालेल्याला कोणी शोधत नाही."

आठ वर्षं हा माणूस माझ्या उसळी खात होता. मी म्हटलं, "आणि तुम्ही हा फ्लॅट घेतलात."

"घर दिसतं इथून तिचं," ते म्हणाले.

"मग आता सांगा ना तिला. आहे की नाही?"

"मला माहीत नाही."

मी भांडायलाच उठले होते. पण चेहरा बघितला आणि बसले. ह्या वेळी ते खरंच सांगत होते. त्या खात्याची रीत अशी, की अशा माणसाचं खरं नाव कागदावर नसतं. कागदावर खोटं नाव; खरं नाव फक्त एका साहेबाच्या डोक्यात. तो निवृत्त होताना पुढच्याला तोंडाने सांगतो. मोडकसाहेबांनी सांगितलं होतं. तो पुढचा साहेब दोन वर्षांत हृदयविकाराने गेला. त्याने आणखी कुणाला सांगितलं होतं का, कुणास ठाऊक. कागद म्हणाल तर मोडकसाहेबांनीच नियमाप्रमाणे जाळले होते, शेवटच्या दिवशी.

त्यानंतर मात्र त्यांनी हातचं काही राखलं नाही. आयुष्यात कधी अर्ज न केलेला माणूस, तो अर्ज करायला लागला. दिल्लीला पत्रं धाडली, पोच आली नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं की ह्या खात्याला तो कायदा लागू नाही. ते मी वाचलं. दोन ओळींचं पत्र, खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. मी विचारलं, मग ह्या लोकांना विचारायचं कुणी? कोर्टाने? लोकसभेत निवडून गेलेल्यांनी? ते म्हणाले, "आम्ही अभिमानाने सांगायचो वहिनी, की आम्हाला कोणी विचारू शकत नाही."

मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच गेले मुंबईच्या ऑफिसात. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा आता तिथला वरचा साहेब. ह्यांना दोन तास खाली बाकावर बसवलं. गळ्यात पाहुण्यांचा पास घातला. वर गेल्यावर साहेबाने पाया पडून नमस्कार केला, काजू मागवले आणि म्हणाला, "सर, असा माणूस कधी नव्हताच. हे उत्तर द्यायला तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

घरी आले तर पास गळ्यातच राहिला होता. मी काढून घेतला.

आठवड्याने दोन तरुण मुलं माझ्याकडे आली. नीटस, गोड बोलणारी. मोडककाका घरी नाहीत म्हणून इथे थांबतो म्हणाली. माझी चकली खाल्ली, एकाने तर भाजणीचं प्रमाण विचारलं. मग सहज म्हणाला, "काका हल्ली विसरतात का हो, आजी? काहीबाही बोलतात का?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"त्यांना सांभाळा. ह्या वयात पेन्शनचा आधार असतो. नियम फार कडक आहेत." असं म्हणून डिशेस स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवल्या. इतकी संस्कारी मुलं. मला त्या रात्री झोप आली नाही.

मोडकसाहेबांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी रंजनाला बोलावलं, माझ्याच घरी. एक कागद लिहून आणला होता. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खऱ्या नावाने, पत्त्यासकट. काशिनाथ पळून गेलेला नाही. त्याला मी सरकारच्या कामासाठी पाठवलं. चौकीतली नोंद खोटी आहे, ती मी करायला लावली. खाली सही. ते म्हणाले, "ह्याचं तुम्हाला जे करायचं ते करा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

रंजनाने कागद कपाळाला लावला. मला वाटलं, चला, सुटली पोर.

बेलापूरला एक वकीलबाई आहेत, माझ्या भाचीच्या ओळखीच्या. आम्ही तिघं गेलो. बाईंनी कागद वाचला, उठून केबिनचं दार लावलं आणि परत वाचला. मग रंजनाला म्हणाल्या, "ताई, हा कोर्टात दिला की जगासमोर आला. तुमचे मिस्टर तिथे खोट्या नावाने आहेत. हद्द चुकलेला साधा खलाशी म्हणून. ह्या कागदाने ते हेर ठरतील. हेराचं तिकडे काय करतात ते मी सांगायला नको."

"आनि नाय दिला तर?"

"तर आपल्याकडे त्यांना आपलं म्हणणारा दुसरा कागद नाही. आणि आपलं म्हटल्याशिवाय कोणी परत मागणार नाही."

मी मोडकसाहेबांकडे वळले. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," ते म्हणाले.

"मग दिलात कशाला?"

"त्यांनी माझ्याकडे दुसरं काय मागावं, वहिनी? माझ्याकडे तेवढंच आहे."

रिक्षाने परत आलो. गावाच्या तोंडाशी रंजना म्हणाली, "मावशे, चला, चाय पिऊन जा." तिने चहा केला. मग त्याच शेगडीवर तो कागद धरला. अर्धा जळल्यावर खाली टाकला आणि चिमट्याने उरलेला ढकलला. "बावीस वर्सांनी माज्या हातात पुरावा आला," ती म्हणाली, "आनि मीच जाळतंय." मोडकसाहेब दाराशी चपला घालून उभे होते. आत बोलावलं तरी आले नाहीत.

त्यानंतर आम्ही सगळे जसे होतो तसेच राहिलो. भाकऱ्या यायच्या. फक्त मोडकसाहेब आता स्वतः दार उघडायचे, आणि चारही खायचे.

यंदा रंजनाच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा नावड्याचा, तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. पोरगी सोन्यासारखी, पोरगा चांगला, सगळं छान. आणि अडलं कुठे, तर पत्रिकेत. आता बघा, पत्रिकेत बापाच्या नावाआधी काहीतरी लावावंच लागतं. असला तर श्री. नसला तर कै. तिसरं काही आपल्यात नाही. रंजनाचा दीर म्हणाला, बारा वर्षांच्या वर झाली, शास्त्राप्रमाणे गेला म्हणायचं, कै. छापा आणि मोकळे व्हा. भटजीही तेच म्हणाले. नाव गाळू या म्हटलं तर मुलाकडचे म्हणाले, बापाचं नाव नसलेली पत्रिका आमच्याकडे वाटणार कशी? प्रेसवाला घाई करत होता, सोमवारी मजकूर पाहिजे.

रविवारी दुपारी मोडकसाहेब माझ्याकडे चहाला बसले होते, तेव्हा रंजना कच्ची प्रत घेऊन आली. नावाआधीची जागा मोकळी ठेवलेली. सरळ मोडकसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"साहेब, श्री छापू का कै? तुमी सांगाल ता छापतंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ती जागा बघत राहिले. मी पंखा वाढवला, उगीच. खाली भंगारवाला ओरडून गेला, परत आला.

"बाई," ते म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी तो होता, हे तुम्हाला त्या मासेमाराने सांगितलं. माझी बातमी त्याच्याहून जुनी आहे. तुमच्याकडे जे आहे तेच ताजं."

"म्हनजे येवढ्या मोठ्या खात्याला त्या मासेमाराइतका पन ठावा नाय?"

"नाही."

"आनि ज्येला ठावा हाय, त्यो सांगनार नाय."

"कोणाला ठाऊक आहे का, तेसुद्धा मला कळायला मार्ग नाही."

रंजना हसली. खरंच हसली, कडवट नाही, दमल्यासारखी. "साहेब, माझा दीर म्हनतो कै छाप, मोकली हो. मंग उद्या दारात येऊन उभा रायला तर काय सांगू? तुजे पोरीच्या लग्नात तुला मारला?" तिने प्रत उचलली, माझ्या ओट्यावरचं पेन घेतलं आणि त्या मोकळ्या जागेत श्री लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून परत गिरवलं. "चूक झाली तर माजी."

ते काहीतरी बोलायला गेले. ती थांबली नाही. प्रेस चारला बंद होतो म्हणाली.

लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यांचा पुतण्या त्यांना सांगलीला घेऊन गेला. एकटे राहू नका म्हणाला, आणि त्यांनीही फार ओढून धरलं नाही. फोन येतो कधीमधी. पण मला ते आठवतात ते लग्नातलेच.

मांडव गावच्या मैदानात होता. प्रवेशावर मोठा फलक, त्यावर फुलांच्या कडेत श्री. काशिनाथ यांची कन्या, असं ठळक. गावातली म्हातारी माणसं फलकापुढे थांबून वाचत होती आणि एकमेकांकडे बघत होती. आला की काय परत, असं कुणीतरी म्हणालंही. रंजना नऊवारीत, नाकात नथ, सगळ्यांना या या करत होती. कन्यादानाला दीर आणि जाऊ बसले होते.

मोडकसाहेब माझ्या शेजारी उभे राहिले, फिकट शर्टात. एका छोट्या पोरीने सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या, त्यांच्याही. मंगलाष्टकं सुरू झाली. पलीकडे एक खूप म्हातारे आजोबा काठी टेकून उभे होते, गावचे. त्यांनी ह्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी कोनाकरचे? पोऱ्याकरचे का पोरीकरचे?"

मला वाटलं, आता नेहमीचं उत्तर येणार. पण ते हळूच म्हणाले, "मुलीच्या वडिलांकडचा."

आजोबांना ऐकू कमी येत असावं. त्यांनी कानाशी हात नेला. मोडकसाहेबांनी परत सांगितलं, थोडं मोठ्याने, "तिच्या वडिलांकडचा. काशिनाथचा."

"आसं?" आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी काठी काखेत घेतली आणि मोडकसाहेबांचा दंड धरला. "मंग त्येला सांगा, बाबा. पोरीचा लगीन झॅक झाला म्हनून सांगा. आयनं कायपन कमी केला नाय."

"सांगतो," मोडकसाहेब म्हणाले.

"नक्की सांगा."

"हो. सांगतो."

तेवढ्यात सावधान झालं, ताशा वाजला, सगळीकडून अक्षता पडल्या. आजोबांनी टाकल्या, मी टाकल्या. पंगतीकडे गर्दी पळाली, खुर्च्या सरकल्या. मी मागे वळून पाहिलं तर मोडकसाहेब तिथेच उभे होते, अक्षतांची मूठ तशीच घट्ट मिटलेली, आणि मान अजून हो म्हणून हलत होती.